दोन रात्रींचे अंतर

काही माणसांना जेवणानंतर पान लागते, काहींना वामकुक्षी लागते. मला वेळापत्रक लागते. इंग्रजी वाङ्मय शिकविणाऱ्या माणसाने फावल्या वेळी काव्याची पाने चाळावीत अशी लोकांची साहजिक अपेक्षा असते, आणि माझ्या हातात आगगाडीचे किंवा एखाद्या विमान कंपनीचे वेळापत्रक पाहून घरी येणाऱ्या मंडळींचा थोडा विरस होतो. हल्ली ही पुस्तके छापील मिळेनाशी झाली, म्हणून ती पडद्यावर वाचावी लागतात. चव थोडी कमी झाली, पण व्यसन सुटले नाही. वेळापत्रकासारखे प्रामाणिक वाङ्मय दुसरे नाही असे माझे मत आहे. त्यात विशेषणे नसतात. एका रकान्यात गावाचे नाव, दुसऱ्यात अंतर, तिसऱ्यात वेळ. ज्याला कोठेही जावयाचे नाही अशा माणसाला एवढ्या सामग्रीवर सबंध दुपार सुखाने काढता येते.

या वाचनातून मनाची अशी समजूत होऊन बसते की, अंतर आणि वेळ ही सख्खी भावंडे आहेत. शाळेत आपण सर्वांनीच ती उदाहरणे सोडविली आहेत. अमुक गाव अमुक मैलांवर आहे, गाडी ताशी अमुक मैल धावते, तर किती वाजता पोहोचेल? विमानाच्या बाबतीत हा हिशेब थोडा वाकडा होतो खरा. विमानाला वर चढावयास आणि खाली उतरावयास वेळ लागतो. धावपट्टीवर आपली पाळी येईपर्यंत रांगेत तिष्ठावे लागते. वारा समोरून आला तर उशीर आणि पाठीशी लागला तर लवकर. त्यामुळे जवळच्या प्रवासात विमानाचा सरासरी वेग दूरच्या प्रवासापेक्षा बराच कमी पडतो. तरी एवढी वजाबाकी-मिळवणी केली की त्रैराशिक पुन्हा रुळावर येते. दोन शहरांमधील अंतर सांगा, मी तुम्हांला विमानाचा वेळ सांगतो, असे म्हणण्याइतका आत्मविश्वास मला या व्यसनाने दिला आहे.

पण जगात काही जोड्या अशा आहेत की, त्यांच्यापुढे हे त्रैराशिक हात टेकते. त्यांतली एक माझ्या घरातलीच म्हणावी अशी आहे. ती म्हणजे मुंबई आणि कराची.

पृथ्वीच्या गोलावर मुंबईपासून कराचीपर्यंत एक दोरा ताणून धरा. तो काठेवाडच्या अंगावरून आणि कच्छच्या आखातावरून जाऊन सिंधूच्या मुखाशी पोहोचतो. त्याची लांबी प्रत्यक्षात सुमारे ८७५ किलोमीटर भरते. आता तोच दोरा मुंबईवरचे टोक न सोडता दिल्लीकडे फिरवा. तो तोकडा पडेल, कारण दिल्ली हवाई मार्गाने ११०० किलोमीटरांहून दूर आहे. बंगलोरकडे फिरवा, जेमतेम पुरून थोडासा उरेल. म्हणजे मुंबईला कराची ही बंगलोरइतकी जवळ आणि दिल्लीपेक्षा पुष्कळ अलीकडे. तिकडून पाहिले तरी तोच प्रकार. कराचीहून लाहोर हजार किलोमीटरांहून अधिक दूर, इस्लामाबाद त्याहून लांब, आणि मुंबई या दोहोंपेक्षाही जवळ. प्रत्येकीला आपापल्या राजधानीपेक्षा दुसरी अधिक जवळची. दोन शेजारच्या देशांतील दोन मोठ्या शहरांविषयी अशी गंमत फार ठिकाणी सांगता येत नसेल.

दोघींच्या सूर्यातही फारसे अंतर नाही. मुंबई ७३ व्या रेखांशाच्या किंचित अलीकडे, कराची ६७ व्या रेखांशाच्या जवळपास. पृथ्वीला एक अंश फिरण्यास चार मिनिटे लागतात, या हिशेबाने मुंबईच्या डोक्यावर आलेला सूर्य सुमारे तेवीस मिनिटांनी कराचीच्या डोक्यावर येतो. माणसांच्या घड्याळांनी मात्र हा फरक अर्ध्या तासाचा केला आहे. पाकिस्तानने १९५१ मध्ये आपली घड्याळे भारताच्या अर्धा तास मागे नेली. त्यामुळे दोन शहरांत विमाने सरळ ये-जा करीत होती त्या काळी मोठी मौज असे. उड्डाणाचा वेळ पावणेदोन तासांच्या आसपास; मुंबईहून चार वाजता निघालेला उतारू कराचीच्या घड्याळात सव्वापाचलाच उतरे. परत येताना तोच अर्धा तास व्याजासकट नव्हे, पण मुद्दल म्हणून फेडावा लागे.

या जवळिकीचे आज आपल्याला नवल वाटते. पण शंभर वर्षांमागे कोणाला वाटले नसते. सिंध इंग्रजांनी १८४३ मध्ये घेतला, १८४७ मध्ये तो मुंबई इलाख्यास जोडला, आणि १ एप्रिल १९३६ रोजी त्याचा वेगळा प्रांत होईपर्यंत, म्हणजे जवळजवळ नव्वद वर्षे, कराची आणि मुंबई एकाच इलाख्यात नांदत होत्या. कराचीच्या दयाराम जेठमल कॉलेजातील मुले मुंबई विद्यापीठाच्या परीक्षा देत. तेथील सर्वांत जुन्या सरकारी शाळेला आजही नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याचे नाव आहे. सरकारी नोकराची बदली रत्नागिरीहून धारवाडास व्हावी तशीच ती कराचीस होई. घरची मंडळी कुरकुर करीत, ती पाण्याविषयी आणि वाळूविषयी, परदेशाविषयी नव्हे.

माझे आजोबा, आईचे वडील, असेच १९३१ मध्ये तेथे शाळामास्तर म्हणून गेले. पुढे सिंध वेगळा झाला तरी ते तेथेच राहिले. माझ्या मावशीचा जन्म तिथला, १९३८ चा. आई तिच्यामागून चार वर्षांनी झाली. आईला कराचीतले काही आठवत नसे. मावशीला सारे आठवते. आणि ज्या बाईला काल दूधवाला येऊन गेला की नाही हे नक्की सांगता येत नाही, तिला कराचीच्या घराच्या जिन्याला किती पायऱ्या होत्या हे विचारावयाचाही अवकाश लागत नाही. अकरा. शेवटची थोडी उंच.

विमानांच्या इतिहासातही या दोन शहरांची गाठ पहिल्यापासून पडली आहे. हिंदुस्थानचे आकाशद्वार प्रथम मुंबई नव्हते, कराची होते. लंडनहून निघालेले विमानी टपाल १९२९ मध्ये कराचीपर्यंत येऊ लागले. प्रचंड हवाई जहाजे विलायतेहून यावयाची म्हणून तेथे त्यांच्यासाठी एक अवाढव्य निवाराही बांधला होता. त्यात राहावयास येणारे ‘आर १०१’ हे जहाज १९३० च्या ऑक्टोबरात फ्रान्समध्येच कोसळून जळाले, आणि निवारा पाहुण्यावाचून राहिला. टपाल मात्र येत राहिले. पण कराचीपर्यंत आकाशातून आलेल्या पत्राने तेथून पुढे आगगाडीत बसून रखडावे, हे काही माणसांना पटेना. त्यांपैकी एक जे. आर. डी. टाटा. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी सकाळी ते पस् मॉथ जातीचे एका इंजिनाचे चिमुकले विमान घेऊन कराचीच्या ड्रिग रोड तळावरून निघाले. बरोबर टपालाची थैली. उतारू कोणी नाही. वाटेत अहमदाबादेस उतरले तेव्हा विमानाला लागणारे पेट्रोल डब्यांतून, बैलगाडीने आणले होते. दुपारी ते मुंबईस जुहूच्या मैदानावर उतरले. प्रवासाला लागलेला वेळ सुमारे सात तास. टाटांच्या नियमित हवाई टपालाचा पहिला मार्ग तो हा.

हे सात तास वाचकांनी कृपा करून लक्षात ठेवावेत. पुढे त्यांचे काम पडेल.

आजोबांच्या घरी विमानाची कथा कोणी बोलत नसे. शाळामास्तराला विमान परवडण्याचा प्रश्नच नव्हता. ती मंडळी उन्हाळ्याच्या सुट्टीत मुंबईस येत, ती आगबोटीने. मावशीच्या तोंडी म्हणून मैल कधी आले नाहीत आणि किलोमीटरही आले नाहीत. तिच्या लेखी मुंबई आणि कराची यांमधील अंतर ‘दोन रात्री’ असे आहे. पहिल्या रात्री सगळ्यांना बोट लागे. दुसऱ्या रात्री भूक लागे. सकाळी मुंबईचे दीपगृह दिसे. १९४८ च्या जानेवारीत ही माणसे त्याच वाटेने शेवटची आली. सामान थोडे होते आणि बोटीवर गर्दी अतोनात होती, एवढेच ती त्याविषयी सांगते. तेव्हाही रात्री दोनच लागल्या.

एकदा मी तिला मोठ्या उत्साहाने सांगितले, “मावशी, विमानाने कराची पावणेदोन तासांची वाट होती.”

तिला ते मुळीच आवडले नाही. “पावणेदोन तास? अरे, एवढ्यात माझा पुरणाचा घाट होत नाही!”

“खरेच सांगतो.”

“मग जायला काय झाले लोकांना?” ती म्हणाली.

या प्रश्नाचे उत्तर वेळापत्रकात नसते. ते इतिहासाच्या पुस्तकात शोधावे लागते, आणि तेथेही तुटक तुटक सापडते. १९६५ च्या युद्धात येणे-जाणे तुटले. १९७१ च्या फेब्रुवारीत, भारताचे एक विमान पळवून लाहोरास नेऊन जाळल्यावर, भारताने पाकिस्तानी विमानांना आपल्या आकाशातून जाण्याची बंदी केली. तेव्हा ढाका पाकिस्तानातच होते. कराचीहून ढाक्यास सरळ गेले तर २४०० किलोमीटर भरत नाहीत; ती विमाने सिंहलद्वीपाला वळसा घालून जाऊ लागली आणि वाट जवळजवळ दुप्पट झाली. एकाच देशाचे दोन भाग असे एका रात्रीत एकमेकांपासून दुप्पट लांब गेले, आणि वर्ष संपण्यापूर्वी ते वेगळे देश झाले. त्या फाळणीचे कारण विमानाचा वळसा हे नव्हे. तिची कारणे फार खोल आहेत. पण नकाशावर जे दिसत नाही ते विमानाच्या वेळात आधी दिसू लागते, असे मात्र मला या उदाहरणावरून वाटते.

पुढे १९७६ मध्ये हवाई वाहतूक पुन्हा सुरू झाली. १९९४ मध्ये कराचीतील भारताचा वाणिज्य दूतावास बंद झाला; तेव्हापासून मुंबईस येऊ इच्छिणाऱ्या कराचीकराला परवान्यासाठी प्रथम इस्लामाबादेकडे, म्हणजे मुंबईपेक्षाही दूरच्या गावाकडे, तोंड करावे लागले. २००२ च्या आरंभी विमाने बंद झाली, ती २००४ च्या आरंभी उघडली. परवाना मिळाला तरी तो देशाचा नसे, शहरांचा असे. अमुक तीन गावी जा, पोहोचल्यावर पोलिसांकडे नोंद करा, निघताना पुन्हा करा. २०१२ च्या करारात तिनांची पाच गावे झाली, तेव्हा ती उदारता म्हणून वाखाणली गेली. मग २०१७ च्या मे महिन्यात पाकिस्तानच्या विमान कंपनीने आपली मुंबई-कराची फेरी बंद केली. तिला उतारू पुरेसे मिळत नव्हते. मिळणार कोठून? ज्या दुकानात शिरण्यासच परवाना लागतो, त्यात गिऱ्हाईक नाही म्हणून दुकानदाराने हळहळावे यात काय अर्थ? २०१९ मध्ये राजस्थानच्या वाळवंटातून सिंधमध्ये जाणारी आगगाडीही थांबली. २०२५ च्या एप्रिलात पहलगामच्या हत्याकांडानंतर दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना आपापले आकाशही बंद केले.

सरळ फेरी गेल्यावर मुंबईहून कराचीस जाणाऱ्यासाठी नेहमीची वाट उरली ती दुबईवरून. आता पुन्हा दोरा घेऊ. मुंबई ते दुबई सुमारे १९३० किलोमीटर. दुबई ते कराची सुमारे ११९०. बेरीज ३१२०. म्हणजे ८७५ किलोमीटरांची वाट साडेतीन पटींहून अधिक लांब झाली. मुंबईहून पश्चिमेस निघावयाचे, अरबी समुद्र ओलांडून वाळवंटाच्या काठी उतरावयाचे, तेथे दुसऱ्या विमानाची वाट पाहत बसावयाचे आणि मग आलो त्या दिशेलाच परत फिरून कराची गाठावयाची. आकाशात पाच तास जातात आणि मधले थांबणे धरले की सात-आठ तास सहज होतात. हे सात तास ओळखीचे वाटतात का पाहा. १९३२ मध्ये ताशी शंभर-सव्वाशे मैलांच्या विमानाने, अहमदाबादेस बैलगाडीतून पेट्रोल घेऊन, जेवढ्या वेळात टपालाची थैली कराचीहून मुंबईस आली, जवळजवळ तेवढाच वेळ ताशी पाचशे मैल उडणाऱ्या जेट विमानातल्या माणसाला आज लागतो. इंजिने पाच पट वेगवान झाली आणि प्रवास होता तेथेच राहिला. नव्वद वर्षांतल्या साऱ्या यंत्रविद्येने जे मिळविले ते आपण सरळ रेषेवरून उतरून खर्च करून टाकले.

टाटांनी तेच उड्डाण पन्नास वर्षांनी, १५ ऑक्टोबर १९८२ रोजी, जुन्याच घराण्यातील लेपर्ड मॉथ विमानातून पुन्हा केले. तेव्हा त्यांचे वय ७८ होते, आणि कराची परदेश होऊन पस्तीस वर्षे झाली होती. तरीही ते कराचीहून निघाले आणि मुंबईस उतरले. मधे युद्धे होऊन गेली होती. मला त्या म्हाताऱ्या वैमानिकाच्या कौतुकाइतकेच कौतुक त्या दिवशीच्या दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांचे वाटते. त्यांनी एक लहानसे विमान सरळ रेषेत जाऊ दिले.

दुबईचा हिशेब मी मावशीला सांगितला, तेव्हा तिने तो शांतपणे ऐकला. मग म्हणाली, “म्हणजे कोणी मुंबई हलवली नाही, कराचीही हलवली नाही?”

“नाही.”

“तरी लांब गेली.” आणि थोड्या वेळाने, “बोट बरी होती रे. हळू होती, पण तोंड कराचीकडे असे.”

या दोन शहरांमध्ये एक तिसरी वाटही आहे, आणि ती या वाटांपेक्षा कठीण आहे. गुजरातच्या आणि आपल्या पालघरच्या किनाऱ्यावरचे खलाशी मासळीच्या मागे जाता जाता सर क्रीकच्या आसपास पाण्यावरची अदृश्य रेघ ओलांडतात, किंवा ओलांडली असे ठरते, आणि पकडले जाऊन कराचीच्या मलीर तुरुंगात पोहोचतात. त्यांना विमान लागत नाही, परवाना लागत नाही; ज्या शहराला जाण्यासाठी दुसऱ्याला एवढे सायास, तेथे ते मनात नसताना जाऊन बसतात. पलीकडच्या कोळ्यांची आपल्याकडे हीच गत होते. दोन्ही सरकारे २००८ च्या करारानुसार दर १ जानेवारीस आणि १ जुलैस एकमेकांकडे कैद्यांच्या याद्या देतात. सुटका झाली म्हणजे या माणसांना समुद्रातून, आले त्या वाटेने, परत येता येत नाही. कराचीहून लाहोर, लाहोरहून वाघ्याची वेस, तेथून अमृतसर आणि मग सारा उत्तर हिंदुस्थान उतरून आपला किनारा, असा अडीच हजार किलोमीटरांहून मोठा फेरा करून ते घरी येत आले आहेत. ज्यांचे घर त्याच समुद्राच्या काठी आहे त्यांना घरी जाण्यासाठी पंजाब पाहावा लागतो. एखाद्या कोळ्याच्या बायकोला कराची किती लांब असे विचारले तर ती मैल सांगणार नाही आणि रात्रीही सांगणार नाही, वर्षे सांगेल.

येथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, प्राध्यापकमजकूर फार हळवे झाले. माझे एक स्नेही तसे म्हणालेही. ते म्हणाले, “त्याच समुद्रावरून २००८ च्या नोव्हेंबरात दहा जण आले, ते विसरलास काय?” विसरलो नाही. मुंबईत ज्याचे कोणी राहते असा माणूस ते विसरूच शकत नाही. कराचीहून निघालेल्या त्या दहा जणांनी १६० हून अधिक माणसे मारली. तेव्हा दाराला कडी का घातली, असा प्रश्न मी कोणाला विचारीत नाही. घराला कडी असावी. कडी केव्हा लावावी आणि केव्हा काढावी हे ठरविण्याचे काम ज्यांच्याकडे आहे त्यांच्याइतकी माहिती माझ्यापाशी नाही, आणि वेळापत्रके वाचून ती मिळत नाही. मला बोलावयाचे आहे ते निराळ्याच गोष्टीविषयी, आणि ती सरकारच्या हातातली नाही; तुमच्या-माझ्या हातातली आहे.

गेल्या वर्षी वर्गात कसलासा संदर्भ निघाला म्हणून मी सहज विचारले, “मुंबईहून दिल्ली जवळ की कराची?” वर्गात साठेक मुले होती, आणि ही आजची मुले भलतीच चतुर, ज्ञानकोश त्यांच्या खिशात असतो. पण खिशात हात घालण्यापूर्वी, केवळ मनाने, हात वर करा म्हटल्यावर सात-आठ वगळता साऱ्यांचे हात दिल्लीसाठी वर गेले. एका मुलीने तर दुबईच कराचीपेक्षा जवळ असे सांगितले. मी आकडा सांगितल्यावर क्षणभर कोणी बोलले नाही. मग एक मुलगा म्हणाला, “सर, पण तिथे कोणी जातच नाही!” त्याने ते उत्तर म्हणून सांगितले होते, आणि मला ते बरोबर वाटले. जेथे कोणी जात नाही ते गाव लांब असते. आपल्या मनातला नकाशा सर्व्हे खात्याने काढलेला नसतो. तो जाणाऱ्या-येणाऱ्यांनी काढलेला असतो. कोणाची बहीण तेथे दिलेली असते, कोणाचा मुलगा तेथे नोकरीस असतो, कोणी तेथून मिठाईचा पुडा घेऊन आलेला असतो. त्या येरझारांनी दोन गावे जवळ राहतात. येरझार थांबली की पहिली काही वर्षे वाट बंद आहे याची टोचणी असते. मग ती टोचणी असणारी माणसे एकेक करून जातात. पुढची पिढी येते, ती वाट बंद आहे असे म्हणत नाही; तेथे वाट नाहीच असे समजते. बंद दार आणि भिंत यांत फरक आहे. पण फार दिवस न उघडलेल्या दारावर रंगाचे हात बसत गेले की तो फरक दिसेनासा होतो.

हे मला खरे नुकसान वाटते. वाट बंद असण्याला कारणे असतील, आणि ती आज सबळही असतील. परंतु जी गोष्ट जवळ असून बंद आहे ती लांब आहे असे मानू लागणे म्हणजे स्वतःला भूगोल चुकीचा शिकविणे होय. शेजारी वाईट असला तर त्याच्यापासून सावध राहावे. पण तो शेजारी नाहीच असे समजणाऱ्याला सावधही राहता येत नाही, आणि पुढेमागे दिवस पालटले तर समेटही करता येत नाही. दोन्ही गोष्टींना पहिला आकडा खरा लागतो. म्हणून मी आता दरवर्षी नव्या वर्गाला तोच प्रश्न विचारतो. अभ्यासक्रमात तो नाही, आणि परीक्षेत येणार नाही हे मुलांना ठाऊक असते. तरी ८७५ हा आकडा मी फळ्यावर लिहितो आणि तासभर तसाच राहू देतो. साठांपैकी पाच-दहांच्या डोक्यात तो राहिला, तर मावशीच्या पिढीकडून आलेली एक गोष्ट पुढे सरकली असे मी समजेन.

मावशी आता ८७ वर्षांची आहे. तिला कराचीस जावयाचे नाही. गुडघे तिला देवळापर्यंतही जाऊ देत नाहीत. पण मधूनच, संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर, ती विचारते, “कराची किती लांब रे इथून?” पूर्वी मी तिला किलोमीटर सांगे, उड्डाणाचे तास सांगे, दुबईचा वळसा समजावून देई. हल्ली मी तिला तिच्याच मापाने सांगतो.

“दोन रात्री, मावशी.”

ती मान हालवते. हे उत्तर तिला ठाऊकच असते. मला ठाऊक आहे की नाही, एवढेच तिला पाहावयाचे असते.